एका माणसाचं अनेकवचन

मुरबाड, ता. १४ नोव्हेंबर १९३८

चि. रघूस वत्सलाताईचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या सन्मान मंडळाविरुद्ध रीतसर तक्रार गुदरण्यासाठी हे पत्र. मंडळाचा चालक तू, म्हणून तक्रार तुझ्याकडे. आणि धाकटा भाऊही तूच, म्हणून वरचे चार शब्द, तेही तुझ्याकडेच.

प्रकरण असं. पुढे नाव न लावता मारलेला नुसता 'अहो' या घरात आजवर एकाच माणसाच्या मालकीचा होता. लग्नाला बावीस वर्षं झाली, मी तो दुसऱ्या कुणावर खर्च केलेला नाही. आता तुझ्या मंडळाने ठराव केला, की जात, धंदा, अंगावरचं वस्त्र न पाहता सर्वांनी सर्वांना 'अहो-जाहो' करावं, नावाला 'राव' आणि 'बाई' जोडावं. ठरावावर ह्यांचीही सही आहे. कचेरीत वरच्यांनी केली म्हणून ह्यांनी केली. बरं, केली.

काल बाजारचा दिवस. हिरा ठाकरीण नेहमीप्रमाणे कोळशाच्या गाडीवर बसून वैशाखऱ्याकडून आली आणि मोळी घेऊन मागच्या दारी उभी राहिली. एरवी मी म्हणते, "ए हिरे, टाक गो तिकडं." ती टाकते, पदरात तांदूळ घेते, जाते. काल मला ठराव आठवला. मी मागच्या ओटीवरून खणखणीत "अहो!" घातला.

हिरा हलली नाही. आतून हे मात्र धावत आले. एका गालाला साबण, हातात वस्तरा.

"काय झालं?"

"तुम्ही नव्हे. मोळी."

प्रांतसाहेबांसमोर मराठीचं इंग्रजी करणाऱ्या दुभाषी कारकुनाला स्वतःच्या घरात मोळीच्या बरोबरीने बसवलं गेलं. दुसरा गाल तसाच राहिला, कचेरीला उशीर झाला, आणि रात्री आमटी अळणी आहे असं ठरलं. नुकसानभरपाई मंडळाने द्यावी.

हिरा तेवढा वेळ डोक्यावर ओझं घेऊन उभी. शेवटी म्हणाली, "बाय, कोनाला बोलावतेस? मी हाय ना हितं."

रघू, या लोकांच्या बोलण्यात मानाचं 'तुम्ही' नाहीच रे. ती मला तू म्हणते, ह्यांना तू म्हणते, रानातल्या गार्डाला तू आणि वाघोबालाही तू. तुझी समता तिच्या वाडीवर तुझ्याआधी पोचलेली होती. तू जाऊन ती मोडलीस, आणि आता तिला मान शिकवतोस. वाडीवरच्या शाळेत तू बायकांचा वर्ग घेतोस, त्याची हकीकत तिनेच सांगितली. "मास्तर म्हनतो, नवऱ्याला कमळू आला म्हनू नको, ते आले म्हन. मी म्हनलं, ते म्हंजे कोन कोन आले? मास्तर हसला न् वही आपटली."

प्रश्न बरोबर होता. उत्तर काय दिलंस ते कळव.

तुझी ताई


मुरबाड, ता. २२ जानेवारी १९३९

चि. रघूस आशीर्वाद.

तुझ्या चळवळीच्या प्रगतीचा अहवाल पाठवते. 'राव' बाजारात पोचला. परवा चढावर बसलेल्या बैलाला गाडीवान म्हणत होता, "उठा बैलराव." कुत्र्याला दगड मारताना "चला श्वानराव" मी माझ्या कानांनी ऐकलं. कोळशाच्या भट्टीवरचा मुकादम चांगो तर तुझा पट्टशिष्य निघाला. हिरा सांगत होती, "आधी तो नुसता मारायचा. आता आधी राव म्हनतो, मंग मारतो. राव म्हनला का आमी पाठ आवळून घेतो."

ठरावात मार बंद करावा असं कुठं लिहिलं होतं? तू हाक बदलायला सांगितलीस, लोकांनी बदलली. आपले लोक मोठे आज्ञाधारक.

आता मुख्य. मंगळवारी भट्टीपाशी काय झालं ते तुझ्या कानावर असेलच, तरी हिराच्या तोंडचं लिहिते. बाकीचे गडी रानात लाकूड तोडत होते. भट्टी पेटलेली, वरून मातीने लिंपलेली, कमळू आणि हिरा धूर राखत होते. चांगोला गाडीवर चढायचं होतं. म्हणाला, "कमळूराव, जरा वाकता का? पायरी हवी होती." कमळू वाकला. चांगोने त्याच्या पाठीवर पाय ठेवला, आणि कमळू मधेच सरळ झाला.

एवढाच त्याचा गुन्हा, रघू. वाकलेला माणूस सरळ झाला. चांगो भट्टीवर आडवा पडला, हात कोपरापर्यंत भाजला.

ठेकेदाराच्या फिर्यादीत मात्र पाच ठाकरांची टोळी कोयते-कुऱ्हाडी घेऊन चालून आली आहे. वाडीवाले हंगामभर मुकादम बदलून मागत होते, त्याचं हे उत्तर. फिर्यादीत टोळी लिहिली, म्हणून टोळी भरायला वाडीवरचा नवशा आणि आणखी तिघे रानातून उचलून आणले.

जेवताना ह्यांनी कायदा सांगितला. एकट्याने केलं असेल तर दंड, फार तर महिनाभर. पाच जण ठरले, त्यात हत्यारं, तर तो बेकायदेशीर जमाव. कमळूला दोन वर्षं, बाकीच्यांनाही बसेल. साहेबांना स्वतःला टोळीची गोष्ट पटलेली नाही म्हणे. सगळं हिराच्या जबानीवर आहे. पाहिलेलं माणूस तेवढं एकच.

म्हणून सांगते, तिला पढवू नकोस. ती बोलते तशी बोलू दे. साहेबाला 'तू' म्हणाली तर म्हणू दे. साहेब मद्रासकडचा, मराठी परीक्षेपुरती शिकलेला, त्याला तू आणि तुम्ही सारखेच परके. तुझी शिकवण सिद्ध करण्याची ही जागा नव्हे. निदान या वेळी मोठ्या बहिणीचं ऐक.

ताई


मुरबाड, ता. ९ फेब्रुवारी १९३९

रघू,

तू कोर्टातून परस्पर वैशाखऱ्याला निघून गेलास. घरी येशील म्हणून मी पान मांडलं होतं. मग ते हिरासाठी ठेवलं. तीही आली नाही.

पहाटे आली होती. मुरबाडला यायचंच आहे म्हणून कोर्टाच्या दिवशीही मोळी घेऊन आली. "तांदूळ माघारी जाताना नेते," म्हणाली. धुतलेलं लुगडं नेसली होती. पाठ केलेलं मला म्हणून दाखवू लागली, मी चुलीच्या धुराने वैतागलेली, म्हटलं, "जा, उशीर होईल."

छावणीतल्या कोर्टात काय झालं ते मला रात्री ह्यांनी ताटावर बसून सांगितलं, आवाज काढून, दोन्ही बाजूंनी. आंब्याखाली टेबल. ठेकेदाराचा वकील आधी वाकडेतिकडे प्रश्न विचारणार होता. हिराचं पहिलं उत्तर ऐकलं आणि त्याने सरळ विचारायला सुरुवात केली.

"भट्टीपाशी तेव्हा कोण होतं, बाई?"

"ते व्हते."

"त्यांच्या हातात काय होतं?"

"त्यांच्या हातात कोयता व्हता. ते रोज नेतात."

"मग काय झालं?"

"मुकादम त्यांच्या पाठीवर चढला. ते उठले. तो पडला."

नवऱ्याला मान द्यायचा हे तू शिकवलंस. चांगोला द्यायचा हे आपल्या बापालाही तिला शिकवता आलं नसतं. म्हणून ते अनेक झाले आणि तो बिचारा एक.

दर उत्तरानंतर ती तुझ्याकडे बघत होती, आणि तू मान डोलावत होतास. असं हे म्हणाले. ह्यांना तुझी नक्कल छान साधते. 'तो पडला' म्हणाली तेव्हा मात्र तुझ्या कपाळाला आठी पडली म्हणे. व्याकरण चुकलं ना!

साहेबाने टाक थांबवून ह्यांच्याकडे पाहिलं. विचारलं, "दे?" इंग्रजीत 'ते सगळे' याला 'दे' म्हणतात, ते मला काल कळलं. हे म्हणाले, "येस सर, दे." साहेबाने दिली. कमळूला दोन वर्षं, बाकीच्या चौघांना सहा-सहा महिने. त्यांची स्वतःचीच साक्षीदार टोळी होती म्हणते, वर 'उठले' म्हणते, आणि इंग्रजीत त्याचा उठाव होतो. यापुढे साहेब तरी काय करणार?

जबानी तिला मराठीतून वाचून दाखवली. 'ते होते. ते उठले.' तिने बरोबर म्हणून अंगठा दिला. बरोबरच होतं. मराठीत कुठं काय चुकलं होतं?

मी विचारलं, "आणि 'त्यांच्या पाठीवर चढला' याचं इंग्रजी काय केलंत?"

हे म्हणाले, "पाठीस लागला असं केलं. एक माणूस पाच जणांच्या पाठीवर चढेल कसा? काहीतरी तर्क नको?"

"मी बावीस वर्षं तुम्हाला 'ते' म्हणते. तुम्ही किती जण आहात?"

ह्यांनी ताट पुढे सरकवलं. "वाढ."

मी वाढलं.

आता कामाचं. कल्याणचे एक वकील इथं बहिणीकडे आले आहेत. पाणी भरणाऱ्या भागीच्या मार्फत मी त्यांना विचारून घेतलं. ते म्हणतात, अपिलाला मुदत महिन्याची. मास्तराने शपथेवर एवढं लिहून दिलं, की तिला 'ते' म्हणायला मी शिकवलं, ती एरवी नवऱ्याला 'तो'च म्हणते, तर निम्मं काम झालं. वाचताक्षणी निघून ये. तुझ्या हातचं चार ओळींचं काम आहे. ह्यांना सांगू नकोस.

ताई


मुरबाड, ता. २ मार्च १९३९

श्रीयुत रघुनाथराव यांस कृतानेक नमस्कार.

आपलं उत्तर पोचलं. एवढ्या शुद्ध मराठीत नकार मला याआधी कुणी दिला नव्हता. साक्षीदाराला पढवलं असं लिहून दिल्यास नोकरी जाईल, मंडळाला काळिमा लागेल, आणि 'व्यक्तीपेक्षा चळवळ मोठी असते', हे तिन्ही मुद्दे ध्यानी आले. क्रम तेवढा मी उलटा लावला आहे. नोकरी पहिली असूनही आपण तिला शेवटी, पानाच्या अगदी कोपऱ्यात बसवलंत. मोठ्या मनाशिवाय हे जमत नाही.

आपण लिहिता, की हे काम भाऊजींनीच का करू नये, भाषांतर त्यांचं. मीही हेच विचारलं. ते म्हणाले, "मी कागदावर होतं तेच केलं. कागद तुझ्या भावाने केला." आपण त्यांच्याकडे बोट दाखवता, ते आपल्याकडे. मधे पाच माणसं तुरुंगात आहेत, पण त्यांच्याकडे बोट दाखवायला कुणाचा हात मोकळा नाही.

वकिलांकडे मी स्वतः का गेले नाही, असंही आपण विचारलंत. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. आमच्या घरी हल्ली मोळी लागत नाही. शेगडी आणली आहे. ठेकेदाराकडून आलेला कोळसा असतो.

अपिलाची मुदत संपत आली. वकील कल्याणला परत गेले. पुण्याच्या शाळेत आपली नेमणूक झाल्याचं कळलं, अभिनंदन. तिकडे सगळेच 'अहो' असल्यामुळे आपल्याला काम कमी पडेल.

हिराचे तांदूळ द्यायचे राहिलेत. गाडीवानाबरोबर दोनदा निरोप धाडला. ती या बाजूला येत नाही.

आपली नम्र,
वत्सला


शहापूर, ता. १८ डिसेंबर १९४६

श्रीयुत रघुनाथराव यांस कृतानेक नमस्कार.

इतक्या वर्षांनी आपलं अक्षर पाहून आनंद झाला, आणि आतला मजकूर पाहून त्याची भरपाई झाली. आपण शहापुरास व्याख्यानाला येणार. विषय 'वनवासी बंधूंमध्ये आदरभावनेचा प्रसार'. सोबतचं छापील पुस्तक वाचलं. त्यात पान उलटताच 'मुरबाडकडील एक ठाकूर भगिनी, जिने भर कोर्टात पतीचा उल्लेख आदरार्थी केला' अशी ओळ आहे. पुढे काय झालं ते नाही. छपाईत जागा कमी पडली असेल. त्या भगिनीला शोधून ठेवावं, व्यासपीठावर साडीचोळी द्यायची आहे, अशी आपली आज्ञा. म्हणून हे उत्तर.

आमची बदली इथं झाली तेव्हा मुरबाड सुटलं असं वाटलं होतं. ती वाडी ठेकेदाराने त्याच वर्षी उठवली. नवशा आणि बाकीचे सुटून आले तेव्हा खोपटांच्या जागी लाकडाचे ढीग होते. ज्याला जिकडे भट्टी मिळाली तिकडे तो गेला. हिरा वाशिंदच्या पलीकडे असते हे मला गेल्या बाजारी कळलं. मागच्या दारी कुणीतरी "बाय, मोळी" म्हणालं. आवाज ओळखीचा. ती मला ओळखून आली नव्हती. शहापुरातली मागची दारं फिरते, त्यात माझं एक.

केस पिकले आहेत. धुतलेलं लुगडं नव्हतं.

मला काय करावं सुचेना. इतक्या वर्षांची लाज एकदम तोंडात आली आणि तिचा मान झाला. मी म्हटलं, "अहो हिराबाई, बसा."

रघुनाथराव, ती मागे सरकली. पाठ आवळली. मोळी खाली टाकून दोन्ही हात पुढे धरले, अंगावर काही येतंय असे.

"बाय, मी काय केलं गो? नुसती मोळी आनली."

मी म्हटलं, "काही नाही केलंस. बस."

'बस' ऐकल्यावर बसली. जरा वेळाने माझं तोंड नीट बघितलं. "तू मुरबाडवाली. कारकुनाची."

"हो."

कमळूचं मी विचारलं नाही. तो तुरुंगातच दुसऱ्या वर्षी तापाने गेला हे ह्या घरात तेव्हाच कळलं होतं. तशा कागदाचं भाषांतर करावं लागत नाही, पण तो कचेरीतून जातो. तिने मात्र आपणहून काढलं. रडली नाही. भाकरी केवढी ते बोटाने दाखवावं तसं बोलली.

"मास्तर म्हनला, ते म्हन. मी म्हनलं. माजा यकला व्हता, मी त्याचे लय केले. त्यातला यक बी परत नाय आला."

मग मागच्या ओटीवरच्या शेगडीकडे आणि कोपऱ्यातल्या कोळशाच्या पोत्याकडे बघत म्हणाली, "तुज्याकडं मोळी लागत नाय आता."

मी विषय बदलला.

"मास्तर येणार आहे. तुला साडीचोळी देणार आहे, सगळ्यांसमोर."

"राव म्हनंल?"

"म्हणेल."

ती हसली. आपल्या पुस्तकाला एवढं नेमकं परीक्षण दुसरीकडे मिळणार नाही, म्हणून कळवते: ती हसली, आणि थुंकली, आणि थुंकलेलं पायाने मातीत पुसलं, कारण ओटी माझी होती.

तेव्हा ती व्यासपीठावर येणार नाही. साडीचोळी आपण परत न्यावी. उतरायची सोयही दुसरीकडे करावी. या घरात पानं वाढायला मी असते, पण आपल्यासाठी असणार नाही.

ती अजून ओटीवरच होती, तेवढ्यात आतून हाक आली. पेन्शन झाल्यापासून जयराम दुपारचा झोपतो. नाव वाचून दचकू नका. बावीस वर्षं, आणि त्यावर ही आठ, मी एका माणसाला अनेकवचन देत आले; ते त्याच्या अंगावर आहे, आणि त्याचं देणं कमळूच्या नावावर चुकतं झालं. आतून म्हणाला, "कोण आलंय?"

मी म्हटलं, "तुझं काही नाही. झोप तू."



मी कोठीत गेले. माप घेतलं, तांदूळ शिगोशीग भरले, हाताने सपाट केले नाहीत. बाहेर आले तेव्हा ती उठून मोळीला हात घालत होती. ही मोळी मी घेणार नाही असं तिला वाटलं असावं.

"ही राहू दे," मी म्हटलं. "हे तांदूळ हिचे नाहीत. कोर्टाच्या दिवशी टाकलीस, तिचे राहिलेत."

तिने आठवून बघितलं. आठवलं. पदर पसरला.

मी ओतले.

"घे गो, हिरे."